५० एचपीच्या आतल्या ट्रॅक्टरलाही सीआरडीआय (कॉमन रेल, म्हणजे संगणकाच्या ताब्यातलं जास्त दाबाचं डिझेल इंजेक्शन) सक्तीचं करावं का?

उसाचा_फड: जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना ट्रेम-४, म्हणजे धुराचा कडक सरकारी नियम, लागू झाला. धुरातल्या कणांची मर्यादा किलोवॅट-तासाला ०.०२५ ग्रॅम. शेजारच्या रानात चालणाऱ्या ४५ एचपीवाल्याला मात्र ०.६, म्हणजे २४ पट मोकळीक! आणि विकले जातात बहुतेक ५० च्या आतलेच.

माझं मत, यांनाही सीआरडीआय सक्तीचं करा. जुन्या पंपाचा दाब इंजिनच्या आरपीएमवर. नांगर खोल रुतला, आरपीएम पडला की दाबही पडतो, डिझेलचे थेंब जाड राहतात, नीट जळत नाहीत. भकाभका काळा धूर. कॉमन रेलमध्ये दाब आधीच भरलेला असतो. ईसीयू (इंजिनचा छोटा संगणक) सांगेल तेव्हा, सांगेल तेवढंच डिझेल, तेही दोन-तीन हप्त्यांत.

रोटर_पंप: कागदावर झकास. आमच्याकडे डिझेल कॅनमधून येतं, बॅरलमध्ये पडून राहतं, तळाला पाणी. साधा नोझल बरंच सोसतो. सीआरडीआयचा इंजेक्टर गेला की स्कॅनरवाला शोधत फिरा. तोवर वाफसा थांबतो का? आणि बराचसा धूर आपणच काढतो की! जोर वाढावा म्हणून पंपाचं सील तोडून स्क्रू पिळायचा.

उसाचा_फड: म्हणूनच म्हणतोय. पिळायला स्क्रूच नको.

रोटर_पंप: ईसीयूचा प्रोग्रॅमच बदलून, रिमॅप करून देणारे आहेत की.

टायमिंग_मागे: तुम्ही दोघं नुसत्या धुरावर अडलात. नॉक्सचं, म्हणजे नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइड वायूंचं काय? इंजेक्शन लवकर केलं की ज्वलन जास्त तापतं, धूर कमी पण नॉक्स जास्त. उशिरा करा, नॉक्स उतरतो, धूर वाढतो आणि डिझेलही जास्त लागतं. दाब वाढवून, आधी थोडं पायलट इंजेक्शन देऊन ही ओढाताण सैल होते, सुटत नाही. मग ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारं) आलं, डीपीएफ (काजळी अडवणारी गाळणी) आलं, खर्च आला. गंमत म्हणजे ३७ ते ५६ किलोवॅटच्या (साधारण ५० ते ७५ एचपी) गटात ट्रेम-४ ने नॉक्स आणि हायड्रोकार्बनची एकत्रित मर्यादा ४.७ ग्रॅमच ठेवली, आधी होती तेवढीच! वर ईसीयूला चलाखीही शिकवता येते. २०१५ मध्ये फोक्सवॅगन सापडली ती चाचणी ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमुळेच.

उसाचा_फड: नॉक्स राहिला म्हणून काजळी पण गिळायची? ड्रायव्हर दिवसभर त्या धुरात बसतो.

रोटर_पंप: बरं, सक्ती करा. पण कंपन्यांनी स्कॅनर आणि सुटे भाग गावच्या गॅरेजला खुले द्यावेत, ही अट त्याच आदेशात हवी. नाहीतर माझा विरोध कायम.