एडिंबरामधला शनिवार-रविवार

एडिंबराला शिकणाऱ्या मुलाबद्दल तुम्ही लिहिलंत, 'मुलगा सुट्टीच्या दिवशी खोलीतच बसतो, बाहेर पडलं की पाउंड जातात म्हणतो', ते वाचून राहवलं नाही. आमची लेकही तिथे पहिले दोन महिने तशीच बसून होती, आणि इथे नौपाड्यात माझा जीव टांगणीला.

त्याचं वय २२च्या आत असेल तर आधी यंग स्कॉट कार्ड काढायला सांगा. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या २२ वर्षांखालच्या मुलांना २०२२पासून बसप्रवास फुकट आहे, परदेशी विद्यार्थ्यांनाही. कार्ड हातात आलं आणि लेकीने दुमजली बसमध्ये वरची, अगदी पुढची सीट पकडून पोर्टोबेलोचा समुद्रकिनारा गाठला. पावसाच्या दिवशी चेंबर्स स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालय. तिकीट नाही, आणि ती क्लोन केलेली डॉली मेंढी तिथेच काचेत उभी आहे.

आर्थर्स सीट ही तिथली टेकडी २५१ मीटरच, पण वर वारा असा की उभं राहवत नाही. जुना ज्वालामुखी आहे तो. चांगले बूट घालूनच जाऊ दे, आणि एकट्याने नको.

किल्ल्यावरची एकची तोफ मात्र त्याला नक्की ऐकायला सांगा. रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडून रोज दुपारी एकला उडते, १८६१पासून. लेक प्रिन्सेस स्ट्रीटवरून व्हिडिओ कॉल लावते. आधी पांढरा धूर दिसतो, मग धडाम्! थंडीत आपल्याकडे तेव्हा साडेसहा वाजलेले असतात. मी देवापाशी दिवा लावत असते, फोन शेजारीच ठेवलेला.