शाळेत कॅमेरा घेऊन जाणारा वार्ताहर: हवा की नको?

धागाकर्ता
मिर्झापूरचं प्रकरण आठवत असेल. ऑगस्ट २०१९, उत्तर प्रदेशातली सरकारी प्राथमिक शाळा, पोरं पोषण आहारात मीठ लावून कोरडी रोटी खातायत आणि पवन जयस्वाल नावाच्या स्थानिक वार्ताहराने त्याचा व्हिडिओ काढला. आधी प्रशासनाने चौकशी करून संबंधितांचं निलंबन केलं, आणि मग सगळं फिरलं ना, गटशिक्षणाधिकाऱ्याच्या तक्रारीवरून वार्ताहरावरच एफआयआर, फसवणूक आणि कट रचल्याचा! जिल्हाधिकारी म्हणाले, तुम्ही छापील पेपरचे, मग व्हिडिओ कशाला काढलात. प्रेस कौन्सिलने स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये पोलिसांनीच क्लीन चिट दिली.

माझं मत, असा वार्ताहर प्रत्येक तालुक्यात पाहिजे. आपल्याकडे शाळेची बातमी म्हणजे दहावीचा निकाल आणि स्नेहसंमेलनाचे फोटो. पहिली ते पाचवीच्या मुलाला जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन मिळायला हवं असा नियम आहे, सहावी ते आठवीला ७०० आणि २०. रजिस्टरला ते रोज बरोबर भरलेलं असतं. ताटात काय पडलं ते कोण बघतं?

शिक्षिका, जि.प. शाळा
मिर्झापूरचं मान्य, पण ते एक उदाहरण झालं दादा. आमच्याकडे काय होतं सांगते. लोकल चॅनलवाला माईक घेऊन थेट चौथीच्या वर्गात शिरला, कोणालाही न विचारता, आणि एका पोराला उभं करून बारा सत्ते किती. ते पोर येरवी पाढे घडाघडा म्हणतं, पण समोर माईक, मागे अनोळखी माणूस, ते शर्टाचं बटण पिरगाळत बसलं आणि एक शब्द बोललं नाही. संध्याकाळपर्यंत क्लिप सगळ्या ग्रुपवर, "बघा जि.प. शाळेचा दर्जा". पुढे दोन दिवस ते शाळेतच आलं नाही. याला तुम्ही पत्रकारिता म्हणणार?

आणि त्या वर्गात दोन इयत्ता एकत्र बसतात, शिक्षकाची जागा रिकामी आहे, शिक्षक बीएलओच्या म्हणजे मतदार याद्यांच्या कामाला जातात, ते कोणी विचारलं नाही. शिक्षण हक्क कायद्यातच कलम २७ मध्ये निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारणाची कामं शिक्षकाला लावायची मुभा आहे. त्यावर करा की बातमी.

पालक
मॅडम, पोराचं झालं ते वाईटच, पण आम्ही पालकांनी जायचं कुठे? कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के आईवडील असतात. मी आहे समितीत. ठरावाचं रजिस्टर सहीसाठी घरी येतं, मीटिंग झालीच नाही तरी. मुलींच्या शौचालयाला दार नव्हतं, आम्ही अर्ज दिले, माहिती अधिकारात विचारलं, तीस दिवसांनी उत्तर आलं की "प्रस्ताव विचाराधीन". पेपरात चार ओळी आल्या आणि त्याच आठवड्यात दार बसलं. मग मी वार्ताहराला नको म्हणू का?

पेपरच्या डेस्कवरून
दोघांचंही थोडं थोडं पटतं पण मुद्दा कॅमेऱ्याचा नाहीये, कामाच्या पद्धतीचा आहे. ह्यूस्टन क्रॉनिकलने २०१६ साली टेक्सासमधलं उघड केलं की राज्याच्या शिक्षण खात्याने विशेष शिक्षण (दिव्यांग मुलांसाठीचं) घेणाऱ्या मुलांचं प्रमाण साडेआठ टक्क्यांवर ठेवायचं लक्ष्य शाळांना दिलं होतं, देशाची सरासरी तेरा टक्क्यांच्या आसपास असताना! म्हणजे गरज असलेली पोरं बाहेर ठेवली गेली. ती बातमी सरकारचेच कागद, आकडे आणि पालक-शिक्षकांशी बोलून उभी राहिली. २०१७ मध्ये कायदा करून ती मर्यादा काढावी लागली. आकड्यांनी उलटंही होतं म्हणा, लॉस एंजेलिस टाइम्सने २०१० मध्ये सुमारे ६,००० शिक्षकांची नावानिशी मानांकनं छापली, मुलांच्या परीक्षेच्या मार्कांवरून, आणि ती पद्धत किती भरवशाची यावर संशोधकांनीच आक्षेप घेतले.

अजून एक, यावर कोणी बोलत नाही. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नावापुरता, जाहिरातीच्या कमिशनवर घर चालतं, आणि जूनमध्ये सगळ्यात मोठ्या जाहिराती खासगी शाळांच्या. म्हणून माईक जि.प.च्या वर्गात जातो, फीवाल्या शाळेच्या गेटवर थांबतो. मला या धंद्यातली सगळ्यात मोठी खोट हीच वाटते.

धागाकर्ता
जाहिरातीचं शंभर टक्के खरं. मॅडम, पोराचा चेहरा आणि नाव नको हे मलाही मान्य. पॉक्सो म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं कलम २३ अत्याचारग्रस्त मुलाची ओळख छापू देत नाही, पण पाढा न आलेलं पोर त्यात बसत नाही, ते वार्ताहराने स्वतःच पाळायला हवं. पण "आधी मुख्याध्यापकांची परवानगी घ्या" हे मला मान्य नाही. मिर्झापूरला आदल्या दिवशी कळवून गेला असता तर त्या दिवशी रोटीसोबत भाजी असती.

शिक्षिका, जि.प. शाळा
परवानगी मी म्हटलंच नाही. न सांगता या, धान्याची कोठी उघडून बघा, हजेरी आणि ताटं मोजा, शौचालय बघा, मला कॅमेऱ्यासमोर उभं करून विचारा की शिकवलं का नाही, मी उत्तर देईन, त्याचाच पगार घेते. पोराची परीक्षा माईकवर घ्यायची नाही. आणि पुढच्या वेळी येताना त्या फीवाल्या शाळेतही जाऊन या.