मदत हवी आहे: माळ्यावरचा लॅपटॉप पोरांसाठी चालता करायचाय

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. माळा साफ करताना जुना लॅपटॉप सापडला: कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम, विंडोज ७. चालू होईस्तोवर चहा उकळून होतो. बेळगावात एक दुकानदार म्हणाला, "भंगारात घाला की." मन होईना. पोरगी दुसरीत, पुतण्या पाचवीत; चित्रं काढायला, टायपिंगला एवढं पुरे.

विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० लाच थांबले, म्हणून त्याजागी लुबुंटू (हलकी, फुकट लिनक्स प्रणाली) टाकावं म्हणतोय, वर टक्स पेंट (चित्रं काढायला) आणि जीकॉम्प्री (पोरांचे शिकायचे खेळ). २ जीबीत ओढेल का? की आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी (जास्त वेगाची डिस्क) घालू? रॅम डीडीआर२ (जुन्या प्रकारची) आहे, जुनी पट्टी बेळगाव-निपाणीकडे कुठे मिळेल? बॅटरी तर मेलेलीच. आमच्याकडे पावसात लाइट कधी जाईल नेम नाही, मधेच बंद पडून सगळं बिघडायचं नाही ना?

आणखी एक. पोरं मराठी शाळेत, पण कन्नडही शिकतात. इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांसाठीची कीबोर्डची मांडणी) दोन्ही लिप्यांचा 'क' एकाच बटणावर येतो, म्हणून पहिल्यापासून तेच शिकवावं का? बायको म्हणते, आधी माउस तरी नीट धरू देत. कुणी घरी केलं असेल तर सांगा.