देणगी मागणारी संस्था खरी का खोटी, सोलापुरात कुठे तपासायचं?

जुळेसोलापूरकर:
सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या दोन आवाहनं फिरतायत. पहिलं एका संस्थेचं, सप्टेंबर २०२५ च्या सीनेच्या पुरात घरं गेलेल्या माढा-मोहोळ भागातल्या कुटुंबांसाठी. पत्रकावर गोल शिक्का, 'नीती आयोग मान्यताप्राप्त', 'आयएसओ प्रमाणित', '८०जी' असं सगळं छापलंय आणि एक माणूस पावतीपुस्तक घेऊन दारोदार येतोय. दुसरं पाच वर्षांच्या मुलीच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी. त्यात फोटो, हॉस्पिटलच्या खर्चाचं पत्र आणि खाली क्यूआर. वडिलांच्या वर्षश्राद्धानिमित्त २५,००० रुपये द्यायचेत. देण्याआधी नेमकं काय बघायचं?

ताळेबंद:
शिक्का आणि आयएसओ बाजूला ठेवा. शिक्का कुणालाही तासाभरात करून मिळतो. आयएसओ हे कामाच्या पद्धतीचं खासगी प्रमाणपत्र, देणगीचा पैसा कुठे जातो याच्याशी त्याचा संबंध नाही. 'नीती आयोग मान्यताप्राप्त' ही तर सरळ दिशाभूल. आयोगाच्या दर्पण पोर्टलवर संस्था आपली माहिती आपणच भरते आणि तिला एक क्रमांक मिळतो. आयोग मान्यता वगैरे देत नाही.

महाराष्ट्रातला सार्वजनिक ट्रस्ट १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदलेला लागतो. क्रमांक 'ई-अमुक/सोलापूर' किंवा 'एफ-अमुक/सोलापूर' असा दिसतो. 'एफ' म्हणजे १८६० च्या कायद्याखालची सोसायटी, तिच्याकडे 'महा/अमुक/सोलापूर' असा आणखी एक क्रमांक असतो. कुणी नुसता 'महा' वाला दाखवला तर दुसराही मागा. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही प्रकारे नाव टाकून बघा.

मग परिशिष्ट १ चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा, उतारा मागा. त्यात विश्वस्तांची नावं असतात. पत्रकावरचे 'अध्यक्ष' उताऱ्यात नसतील तर बदल अर्ज (विश्वस्त बदलल्याची नोंद करायचा अर्ज) मंजूर झालाय का ते विचारा. बदल अर्ज रखडलेल्या चांगल्या संस्थाही भरपूर आहेत, तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका. पण बँकखातं कुणाच्या सह्यांनी चालतं, हे मात्र विचाराच.

पॅनचं चौथं अक्षर बघा. 'टी' म्हणजे ट्रस्ट, 'ए' म्हणजे व्यक्तींचा समूह, 'सी' म्हणजे कंपनी (कलम ८ च्या ना-नफा कंपन्या यात येतात). 'पी' असेल तर ते माणसाचं वैयक्तिक पॅन. पावतीवर 'पी' वालं पॅन दिसलं की विषय तिथेच संपला.

८०जी ची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची, मंजुरी आयकर विभागाच्या संकेतस्थळावर पडताळता येते. सवलत साधारण निम्म्या रकमेवर मिळते, म्हणजे २५,००० दिले तर १२,५०० वर, तीही जुन्या करपद्धतीत आणि उत्पन्नाच्या मर्यादेत. नव्या करपद्धतीत काहीच नाही. २,००० च्या वर रोख दिलं तरी सवलत गेली. आणि नुसती पावती पुरत नाही. संस्थेने तुमचं नाव आणि पॅन आयकर विभागाच्या १०बीडी या फॉर्ममध्ये भरून तुम्हाला १०बीई प्रमाणपत्र द्यावं लागतं. '१०बीई कधी मिळेल?' एवढं विचारा. जो खरोखर हे काम करतो त्याला पुढच्या ३१ मेची मुदत तोंडपाठ असते.

नोंदणी नसलेल्या मंडळाने किंवा ग्रुपने लोकांकडून पैसे गोळा करायचे तर कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणपतीच्या वर्गणीला लागते तीच. पूरनिधीसाठी ती आहे का, हे त्या पावतीपुस्तकवाल्याला विचारायला काही हरकत नाही.

कडक_भाकरी:
मालक, कागद नंतर बगा, आधी क्यूआर स्कॅन करा आणि पैसे न पाठवता नुसतं नाव वाचा. बँकेत नोंदलेलं नावच दाखवायचं, असा यूपीआय अ‍ॅपना जून २०२५ अखेरपासून नियम आहे. पत्रकावर 'प्रतिष्ठान' आणि स्क्रीनवर कुणा दादाचं नाव, असं असेल तर द्यायचं नाही. 'ट्रस्टचं खातं उघडायलंय, तोवर अध्यक्षांच्या खात्यावर टाका' हे उत्तर ठरलेलं असतंय.

यूपीआय आयडी अक्षर न् अक्षर जुळवा. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्सचा खरा आयडी 'पीएमकेअर्स' होता आणि चोरांनी शेवटचा 'एस' गाळून दुसरा काढला होता. घाईत कुणाच्या लक्षात येतंय?

गड्ड्याला (सिद्धेश्वर यात्रेला), वारीला गर्दीत लावलेल्या क्यूआरवर दुसरा स्टिकर चिकटवलेला असू शकतो. कडेवरून नख फिरवून बगा आणि नाव वाचा, मगच रक्कम टाका.

२५,००० एवढी रक्कम असेल तर सरळ एनईएफटी करा. खातं जोडताना खातेदाराचं नाव दाखवायची सोय बँकांनी २०२५ पासून दिलीय. चेक दिलात तर संस्थेचं पूर्ण नाव तुम्हीच लिहा आणि दोन रेघा मारून 'अकाउंट पेयी' करा. 'नाव सोडा, आम्ही शिक्का मारून घेतो' म्हणणारे फिरायलेत, त्यांना कोरा चेक कधीच देऊ नका.

वॉर्ड_सात:
मुलीच्या केसबद्दल. खर्चाचं पत्र खरं असू शकतं, मुलगी खरी असू शकते आणि क्यूआर मात्र तिसऱ्याचाच असू शकतो. खऱ्या आवाहनाचा फोटो आणि पत्र उचलायचं, खालचा क्यूआर बदलायचा, ही सगळ्यात सोपी लबाडी. म्हणून आधी फोटो गूगल लेन्सवर टाका. तोच चेहरा दुसऱ्या नावाने, दुसऱ्या गावात निघतो का ते कळेल.

पत्रावर तीन गोष्टी हव्यात: रुग्णाचा आयपीडी (दाखल रुग्णाचा) किंवा नोंदणी क्रमांक, डॉक्टरांचा मेडिकल कौन्सिलचा क्रमांक, तारीख. फोन करायचा तो हॉस्पिटलच्या संकेतस्थळावरच्या नंबरवर, पत्रकावरच्या नव्हे. बिलिंग काउंटरला आजाराबद्दल विचारू नका, ते सांगणार नाहीत आणि सांगूही नये. 'या क्रमांकाच्या रुग्णाच्या खात्यावर बाहेरून पैसे भरता येतील का?' एवढंच विचारा. हो म्हणाले तर हॉस्पिटलच्या खात्यावर भरा आणि पावती नातेवाइकांना पाठवा. पालकांना खरी गरज असेल तर त्यांनाही हे सोयीचंच पडतं. 'हॉस्पिटलला नको, आमच्याकडेच द्या' असा हट्ट झाला तर थांबा. औषधं, राहणं, गाडीभाडं यांचा खर्च खरा असतो, पण तो अख्ख्या ऑपरेशनएवढा नसतो.

आणखी एक विचारा: सरकारी दारं ठोठावलीत का? जन्मजात हृदयदोषाची ऑपरेशनं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंत मोफत होतात. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. धर्मादाय हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात; वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १,८०,००० आणि ३,६०,०००. पालकांना हे ठाऊकच नसेल तर त्यांना नुसती माहिती दिलीत तरी तुमच्या २५ हजारांपेक्षा मोठं काम होईल.

ऑनलाइन निधी गोळा करणाऱ्या साइटवरून देणार असाल तर पैसे हॉस्पिटलला जाणार की व्यक्तीला, ते पानावर वाचा. 'टिप' म्हणून टक्केवारी आधीच लावलेली असते, ती शून्य करता येते.

जुळेसोलापूरकर:
धन्यवाद सगळ्यांना. पावतीपुस्तकवाला आज परत आला होता. म्हणाला, '२५ रोख द्या, पावती ५० ची करून देतो, टॅक्समध्ये फायदा.' हे चालतं का?

ताळेबंद:
नाही. ही देणगी नव्हे, खोटी वजावट. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने देशभरात १५० ठिकाणी तपास केला तो अशाच बोगस वजावटींसाठी. चुकीचं उत्पन्न दाखवल्याचा दंड वाचवलेल्या कराच्या २०० टक्के आहे आणि तो भरायचा तुम्ही, पावती देणाऱ्याने नाही. शिवाय रोखीवर सवलत नाहीच, हे त्यालाही माहीत असणार. त्याला चहासुद्धा विचारू नका.

पुरासाठीच द्यायचं असेल तर मुख्यमंत्री सहायता निधी आहे. त्याला जुन्या करपद्धतीत पूर्ण रकमेची वजावट मिळते. खातं क्रमांक सरकारी संकेतस्थळावरूनच घ्या, फॉरवर्डमधून नको.

कडक_भाकरी:
ग्रुपवर कुणी आधीच पैसे पाठवले असतील तर त्यांना आत्ता १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावायला सांगा, उद्या नको. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत बँकेला रोखता येतात. हाताशी ठेवा: १२ अंकी यूपीआय व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम, आपला खातं क्रमांक, समोरचा आयडी. पिन आपणच टाकलेला असल्यामुळे बँक सहसा भरपाई देत नाही, म्हणून सगळी भिस्त या फोनवर. नंतर राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार पूर्ण करा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. मेसेज, क्यूआरचा फोटो काहीही डिलीट करू नका. आणि दोन दिवसांनी 'तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा' असा फोन आला तर तो त्याच टोळीचा समजा.