गजकर्ण आठ महिने जात नाही, नेमकं कोणतं मलम लावावं?

आबोली
नमस्कार मंडळी. विषय लिहायला संकोच वाटतोय, पण घरातले तिघे बेजार झालोय म्हणून विचारतेच.

गेल्या ऑक्टोबरमध्ये ह्यांच्या जांघेत गजकर्ण उठलं. कल्याणहून रोज लोकल, दिवसभर जीन्स, घामाने निथळलेले कपडे. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज गायब, आठवड्यात डाग फिके. बरं झालं म्हणून ट्यूब कपाटात ठेवून दिली. तीन आठवड्यांनी परत आलं, तेही मांडीपर्यंत उतरलेलं. असं चार वेळा झालं, चार ट्यूबा संपल्या. मार्चपासून माझ्या कमरेला, परकराची नाडी बसते तिथे, लाल पट्टा उमटलाय. रात्री झोपेत खाजवते आणि सकाळी नखांत रक्त असतं. आणि परवा सहा वर्षांच्या लेकीच्या गालावर रुपयाएवढी गोल चकती दिसली, तेव्हा मात्र धीर सुटला.

सासूबाई म्हणतात टाकळा वाटून लाव. शेजारच्या काकू म्हणतात लसूण चोळ. ट्यूबवर बारीक अक्षरांत लिहिलंय: क्लोबेटासॉल, ओफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. हे बदलून दुसरं कोणतं आणू? ज्यांचं खरोखर गेलंय त्यांनी सांगा.

केवडा
आमच्याकडेही हेच सुरू आहे, दिराला वर्ष झालं. कडुलिंबाच्या पाण्याने थोडं बरं वाटतं, पण जात नाही. वाचते आहे.

दुकानदार_सांगली
आबोलीताई, ती ट्यूब आजच बंद करा. मी बावीस वर्षं औषधाच्या दुकानात उभा आहे, म्हणून ठामपणे सांगतो.

क्लोबेटासॉल हे स्टेरॉइड आहे, तेही अगदी जहाल गटातलं. ऑर्निडाझोल आणि ओफ्लॉक्सासिनचा गजकर्णाशी काही संबंध नाही, ती जंतूंवरची औषधं. बुरशीवरचं औषध तुमच्या ट्यूबमध्ये एकच, टर्बिनाफिन. दोन दिवसांत खाज गेली ती स्टेरॉइडमुळे. बुरशी तिथेच होती.

ट्यूब घेताना मागची नावं वाचायची सवय लावा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, ट्रायमसिनोलोन यांतलं एक जरी नाव दिसलं तरी गजकर्णाला लावायची नाही. 2018 मध्ये सरकारने अशी 14 स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. तरी गिऱ्हाईक येतं, मोबाइलवर ट्यूबचा फोटो दाखवतं, 'हीच द्या, हिने लगेच आराम पडतो' म्हणतं. सुरुवातीच्या वर्षांत मीही दिल्या आहेत. त्याच गल्लीतली माणसं पुढे दुप्पट चट्टे घेऊन आलेली पाहिली, तेव्हा बंद केलं. त्याचं वाईट आजही वाटतं.

राजापूरकर
माझं सविस्तर सांगतो, कारण मी यातून गेलोय. दोन वर्षं लागली आणि त्यातलं दीड वर्ष मी स्वतःच वाया घालवलं.

मी बसचालक. इंजिनाच्या कडेला बसून आठ-आठ तास, खाली रेक्झिनची सीट, खाकी पँट घामाने चिकटलेली. जांघेत सुरू झालं, मग कुल्ल्यांवर, मग पोटावर. दर वेळी ट्यूब बदलायची, मित्राने सांगितलेली, वाहकाने सांगितलेली. शेवटी लाज सोडून त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलं वाक्य काय बोलावं? 'आजवर लावलेलं सगळं पुढच्या वेळी घेऊन या.' पिशवी टेबलावर उपडी केली तर अकरा ट्यूबा निघाल्या. त्यांनी एकेक वाचून दोन ढीग केले. नऊ एका बाजूला, दोन दुसऱ्या. त्या नवांत स्टेरॉइड होतं.

मग तपासताना म्हणाले, 'करदोडा काढा.' मी गप्प. तो आईने बांधलेला, ती गेल्यापासून मी काढला नव्हता. डॉक्टर थांबले, रागावले नाहीत. म्हणाले, 'हा काळा दोरा रोज ओला होतो आणि रात्रंदिवस ओला राहतो. पोटावरचा पट्टा बघा कुठे आहे.' आरशात पाहिलं. चट्ट्याची वरची कड दोऱ्याच्या रेषेत होती, पट्टीने आखल्यासारखी. घरी येऊन तो दोरा सोडला आणि आईच्या फोटोमागे ठेवला.

त्यानंतर मलम, गोळ्या सगळं नियमाने केलं, पण खरा फरक पडला कपड्यांनी. आमच्याकडे पाच माणसांचे कपडे एकाच मशीनला, टॉवेल दोनच. बायकोने प्रत्येकाचा टॉवेल वेगळा केला. माझे आतले कपडे वेगळ्या बादलीत गरम पाण्यात. पावसाळ्यात कपडे सुकत नाहीत, तेव्हा उलटे करून शिवणींवर, इलास्टिकवर कडक इस्त्री. दमट कपडा अंगात घालायचा नाही म्हणजे नाही. डेपोत एक जास्तीची बनियन आणि चड्डी ठेवली, दुपारी बदलायची.

गजकर्ण गेलं. पण जांघेत जांभळट भेगा राहिल्या, बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा. बोट फिरवलं की खाच लागते. डॉक्टर म्हणाले या आता जाणार नाहीत. आबोली, तुमच्या यजमानांना हे वाचून दाखवा.

त्वचावैद्य
वरच्या दोघांनी माझं बरंचसं काम केलं. मी त्वचारोगांची प्रॅक्टिस करते. इथे कुणाला गोळ्या लिहून देणार नाही, पण मलमाबद्दल बोलते, कारण चांगलं मलमसुद्धा लोक चुकीचं लावतात.

खाज आणि लाली म्हणजे आपल्या शरीराने बुरशीशी मांडलेलं भांडण. स्टेरॉइड ते भांडण बंद पाडतं, मग बुरशीला मोकळं रान मिळतं. गोल कडही पुसट होते, त्यामुळे पुढच्या डॉक्टरलाही ओळखायला जड जातं. अशा वेळी मी चट्ट्याच्या कडेवरचा भुसा हलकेच खरवडून काचपट्टीवर घेते, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघते. बुरशीचे तंतू दिसले की शंका उरत नाही. तपासणी स्वस्त आहे, लगेच होते, मागून घ्या. कारण प्रत्येक गोल चट्टा गजकर्ण नसतो. इसब असू शकतो, सोरायसिस असू शकतो. आणि चट्टा खाजत नसेल, तिथे स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करायलाच हवी. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि लवकर सुरू केले तर बोटं, पापण्या सगळं वाचतं.

आता मलम. क्लोट्रिमाझोल, ल्युलिकोनाझोल, सर्टाकोनाझोल, सायक्लोपिरॉक्स यांतलं साधं, एकाच औषधाचं. कोणतं, हे डॉक्टर ठरवतील. लावायचं कसं ते महत्त्वाचं. बुरशी बाहेरच्या दिशेने वाढते, मधला भाग आधी निवळतो. म्हणून लाल कडेच्या बाहेर दोन बोटं निरोगी दिसणाऱ्या कातडीवरही लावायचं, बाहेरून आत असं. अंग पुसून पूर्ण कोरडं झाल्यावरच. मोजमाप असं: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून निघणारी रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. चट्टे आठ तळव्यांएवढे असतील आणि मलम दिवसातून दोनदा असेल तर रोज चार ग्रॅम लागतं, पंधरा ग्रॅमची ट्यूब चार दिवसांत संपते. आठ महिन्यांत चारच ट्यूबा संपल्या हे वाचलं तेव्हाच कळलं की मलम पुरलं नाही आणि सलगही लावलं गेलं नाही.

डाग दिसेनासे झाल्यावरही किमान दोन आठवडे लावायचं. एकूण चार ते सहा आठवडे धरा, स्टेरॉइड लावून बिघडलेलं असेल तर त्याहून जास्त. आणि स्टेरॉइड बंद केल्यावर सुरुवातीचे काही दिवस खाज उसळते. लोक तिथेच हरतात, जुनी ट्यूब उचलतात. त्या दिवसांत खाजेवरची गोळी मागून घ्या, पण धीर धरा.

पूर्वी टर्बिनाफिनने दोन-तीन आठवड्यांत बरं व्हायचं, आता कित्येकदा होत नाही. ते औषध बुरशीच्या ज्या एन्झाइमवर काम करतं, त्या एन्झाइममध्येच बुरशीने बदल केलाय. या प्रकाराला 2020 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव दिलं. नावात भारत आहे, कारण आपल्या भागातून गेलेल्या रुग्णांत तो सापडला. तुमच्यासारखं तिघांना आणि इतकं पसरलेलं असेल तर नुसत्या मलमाने भागत नाही. पोटातून बहुधा इट्राकोनाझोल लागतं. त्याच्या कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायच्या आणि सोबत पित्ताची गोळी घ्यायची नाही, नाहीतर औषध अंगी लागत नाही. यकृताची तक्रार, हृदयविकार, गरोदरपण, चालू असलेली इतर औषधं हे सगळं आधी सांगायचं. साखरही तपासून घ्या.

लेकीच्या गालाला मात्र घरचं काही लावू नका. चेहऱ्याची कातडी पातळ असते, त्यात लहान मूल. याच आठवड्यात दाखवा. आणि तिघांचे उपचार एकाच दिवशी सुरू करा, नाहीतर एकाचं बरं होईस्तोवर दुसऱ्याकडून परत येतं.

मांडवीकाठ
डॉक्टरताईंनी टाकळ्यावर लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. टाकळ्याचं संस्कृत नावच चक्रमर्द, चक्र म्हणजे ही गोल चकती मोडणारा. सासूबाई काही हवेतलं बोलत नाहीत, आमच्या आजीनेही बिया ताकात वाटून लावल्या आहेत.

आणि एक गंमतीची नव्हे, अभिमानाची गोष्ट. एकोणिसाव्या शतकात गजकर्णावर 'गोवा पावडर' प्रसिद्ध होती. मुळात ब्राझीलच्या अरारोबा झाडाची भुकटी, पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यात आली आणि इथून पुढे मुंबईत, इंग्लंडात गेली. तिच्यातलं क्रायसारोबिन पुढे सोरायसिसवर वापरलं गेलं. पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल मिळेना, तेव्हा 1916 मध्ये जर्मनीत त्याच्यासारखं डिथ्रॅनॉल बनवलं. ते सोरायसिसवर अजून वापरतात. म्हणजे झाडपाल्यात औषध असतं हे खरंच आहे.

त्वचावैद्य
मांडवीकाठ, माहिती आवडली. टाकळ्यात त्याच कुळातली द्रव्यं आहेत हेही खरं. पण वाटलेल्या पाल्यात ती किती उतरली, हे घरी कळत नाही, आणि खाजवून सोललेल्या जांघेत पाला वाटून लावला की आग होऊन वेगळंच दुखणं उभं राहतं. गोवा पावडरही कातडी भाजायची आणि कपड्यांवर डाग पाडायची. लसूण तर मुळीच नको. लसणाने फोड आलेले रुग्ण मी दरवर्षी बघते. लिंबू चोळून उन्हात गेल्यावर काळे डाग पडतात ते वेगळंच.

पाऊसवेडी
थोडं विषयांतर. मला गजकर्ण नाही, पाठीवर शिबं आहेत, पांढरे ठिपके. हेच मलम चालेल का?

त्वचावैद्य
शिबं वेगळ्या बुरशीची, वरवरची. पाठ मोठी असते, मलम पुरत नाही. कीटोकोनाझोल 2 टक्के शॅम्पू ओल्या पाठीला पाच मिनिटं लावून धुवायचा, किती दिवस ते डॉक्टरांना विचारा. बुरशी गेली तरी पांढरेपणा भरून यायला महिने लागतात, घाबरू नका.

भातशेती_वाडा
आणि चिखल्यांना? लावणीचे दिवस आहेत, बोटांच्या बेचक्या सडल्यात.

त्वचावैद्य
रोज संध्याकाळी पाय धुऊन बेचक्या फडक्याने टिपून कोरड्या करा, मग क्लोट्रिमाझोल. वास येत असेल, सूज पायावर चढत असेल किंवा साखर असेल तर घरी थांबू नका.

आबोली
सात आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

तुम्ही सांगितलं तसं त्याच आठवड्यात तिघे गेलो. तिघांचीही तपासणी झाली, तिघांतही बुरशी निघाली. लेकीला नुसतं मलम, आम्हा दोघांना मलम आणि कॅप्सूल. पहिले आठ-नऊ दिवस फार वाईट गेले. ह्यांनी एका रात्री दीड वाजता कपाट उघडलं, जुनी ट्यूब शोधत होते. मी ती आधीच टाकली होती. दोघे पंख्याखाली ओला नॅपकिन ठेवून बसलो, पहाटे डोळा लागला.

राजापूरकरकाका, तुमचं लिहिलेलं ह्यांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी करदोडा काढून देव्हाऱ्यात ठेवलेला दिसला. मी परकराची नाडी सोडून महिनाभर सुती गाऊन आणि सैल कुर्तेच घातले. नाड्या आता रोज बदलते, धुऊन इस्त्री करते. चार टॉवेल, चार खुंट्या, प्रत्येकावर रंगीत दोरा शिवलाय, म्हणजे लेकीलाही आपला कळतो.

लेकीचा गाल स्वच्छ आहे. माझ्या कमरेला तपकिरी डाग आहे, खाज नाही. ह्यांच्या मांडीच्या आतल्या बाजूला तीन भेगा उमटल्यात, डॉक्टर म्हणाले पुसट होतील पण राहतील. मलम अजून दोन आठवडे लावायचंय. काल रात्री हे विसरून झोपले होते, लेकीने उठवून ट्यूब हातात दिली.

केवडा, तुझ्या दिराला ट्यूबची मागची बाजू वाचायला सांग. नावं इथे लिही, दुकानदारदादा सांगतील.

केवडा
बीटामेथासोन, जेंटामायसिन, क्लोट्रिमाझोल. उद्याच घेऊन जाते त्यांना.