सोसायटी ग्रुप: सिग्नलला एसी गरम हवा का फेकतो?

ए-३०४: नमस्कार मंडळी. दोनदा गॅस भरून झाला, तरी गाडी सिग्नलला थांबली की एसीतून गरम हवा येते. चांदणी चौक ओलांडून हायवेला लागलं की परत गार. आता मेकॅनिक म्हणतोय कंप्रेसर बदला. आईला घेऊन या उन्हात कसं जायचं? कुणाला माहीत असेल तर सांगा प्लीज.

बी-१०१: गॅस कमी असणार. भरून घ्या.

सी-१०२: काका, दोनदा भरलाय म्हणतायत ते. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, सिस्टीम बंद असते. कमी झाला तर कुठून तरी गळतोय.
दादा, पळताना गार आणि थांबल्यावर गरम, म्हणजे आधी कंडेन्सरचा (पुढची जाळी, जिथे गरम गॅस थंड होतो) पंखा बघा. पळताना वारा आपोआप लागतो, उभ्या गाडीला पंख्याशिवाय वाराच नाही. बॉनेट उघडा, इंजिन चालू, एसी फुल. बहुतेक गाड्यांत काही सेकंदांत पंखा फिरायला लागतो. हात लांब ठेवा, तो अचानक सुरू होतो.

डी-२०१: बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून प्रयोग करू नका ही विनंती. धूर कोंडतो, मुलं तिथे सायकली चालवतात. आणि ३०४, तुमच्या गाडीखालचं डबकं रोज माझ्या जागेत येतं. दोनदा सांगून झालंय.

ए-३०४: सर, एसीचं पाणी आहे ते. ऑइल नाही.

ए-६०२: २०१ साहेब, रंग नाही, वास नाही, तर ते बाष्पाचं पाणी. हिरवं-गुलाबी आणि चिकट असेल तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव), मग काळजी करा. उलट एसी चालवूनही खाली थेंब नाही आणि पायाखालचं मॅट ओलं, तर ड्रेन पाइप तुंबलाय.

डी-२०१: बाष्पाचं असलं तरी जागा माझी आहे.

बी-१०१: गॅस भरून बघा आधी. कमी खर्चात काम होतं.

सेक्रेटरी: पार्किंगचा विषय रविवारच्या मीटिंगमध्ये घेऊ. इथे एसीचंच बोला.

सी-१०२: गेज (गॅसचा दाब मोजणारं मीटर) लावून घ्या. आर-१३४ए गॅसची गाडी, बाहेर ३५ अंशांच्या आसपास, एसी चालू: लो साइड (कंप्रेसरकडे येणाऱ्या गॅसचा दाब) साधारण ३० ते ४५ पीएसआय (दाबाचं एकक), हाय साइड (कंप्रेसरमधून निघणाऱ्या गॅसचा दाब) २०० ते २५०.
उभ्या गाडीत हाय साइड ३०० च्या वर चढत गेली तर पंखा बंद, कंडेन्सर मातीने भरलेला किंवा गॅस जास्त.
दोन्ही बाजू कमी: गॅस कमी.
लो जास्त, हाय कमी, दोन्ही काटे जवळजवळ: तेव्हा कंप्रेसरवर संशय घ्या. त्याआधी नको.

ए-६०२: आणि इंजिन बंद असताना गेज बघून “गॅस बरोबर आहे” म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ३५ अंशांना ते ११५ च्या आसपासच दाखवणार, गॅस निम्मा असला तरी.
अजून एक सोपी खूण. एसी चालू ठेवून कंडेन्सरवर मगभर पाणी मारा. लगेच गार हवा आली तर दोष कंडेन्सरच्या हवेचा आहे.

डी-२०१: पाणी?? टँकर मागवतोय आपण.

सी-४०३: एक मग आहे काका, पाइप नाही 🙏 माझ्या वाट्यातला घ्या.

डी-२०१: मग मगाने सुरुवात होते आणि गाडी धुऊन होते. मागच्या मे महिन्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

सेक्रेटरी: कृपया.

ई-५०१: ताई, माझ्याकडे उलटं आहे. अर्धा तास मस्त गार, मग हवाच कमी येते. एसी बंद करून दहा मिनिटांनी परत ठीक.

सी-१०२: इव्हॅपोरेटरवर (डॅशबोर्डमागची हवा गार करणारी जाळी) बर्फ जमतोय. ग्लोव्हबॉक्सच्या मागचा केबिन फिल्टर काढून बघा, काळा-कुबट असेल तर बदला. तो स्वच्छ असेल तर थर्मिस्टर (तापमान ओळखणारा सेन्सर) तपासा, तो वेळेवर कंप्रेसर थांबवत नसेल.

बी-१०१: याच्यातसुद्धा गॅसच कमी असू शकतो.

सी-१०२: असू शकतो काका, गॅस कमी असला तरी बर्फ जमतो. म्हणूनच आधी मोजा म्हणतेय.

ए-३०४: पंखा फिरत नाहीये! फ्यूज शाबूत आहे. शेजारचा त्याच नंबरचा रिले (विजेवर चालणारा स्विच) लावून पाहिला, फरक नाही.

ए-६०२: मोटरचा कनेक्टर काढा, फ्यूज असलेल्या वायरने बॅटरीवरून थेट सप्लाय द्या. फिरला तर वायरिंग किंवा प्रेशर सेन्सर बघायचा. नाही फिरला तर लांब काडीने पातं ढकला.

ए-३०४: ढकलल्यावर फिरला.

ए-६०२: मोटरचे ब्रश (आत वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजलेत. मोटर बदला. कंप्रेसरला हात लावू देऊ नका.

बी-१०१: पण गॅस?

सी-१०२: काका, आता गॅसचं बोलूया. न मोजता दोनदा टाकलाय, म्हणजे बहुतेक जास्त झालाय. नुसता पंखा बदलून हाय साइड खाली येणार नाही. सगळा गॅस मशीनने काढून घ्या, निदान अर्धा तास व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा आणि ओल ओढून घेणं), मग पंप बंद करून १५ मिनिटं गेजचा काटा हलतो का बघा. हलला तर गळती शोधा, जॉइंटवर तेलकट डाग दिसतो. आत ओल राहिली तर ती एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (गॅस ज्या बारीक छिद्रातून इव्हॅपोरेटरमध्ये जातो तिथे) गोठते, म्हणून व्हॅक्यूममध्ये घाई नको. नंतर बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढेच ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. छोट्या गाड्यांना बहुधा ३५० ते ५०० लागतात. स्वस्तातला एलपीजी मिसळलेला गॅस अजिबात नको, तो पेट घेतो. पावतीवर ग्रॅम लिहून मागा.

ए-३०४: खूप आभार ताई, दादा. मोटर आणायला निघतोय. २०१ सर, तोवर गाडी बाहेर लावतो.

डी-२०१: बरं.