बायबल अभ्यासगट सुरू करतोय, मराठीत कोणती पुस्तकं घ्यावीत? (कोल्हापूर)

शाहूपुरी_वाचक
प्रभूमध्ये सलाम. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात दर बुधवारी शास्त्राभ्यास सुरू करायचाय. आठ-दहा जण, बहुतेक मराठी माध्यमातले. सुरुवात मार्ककृत शुभवर्तमानापासून. प्रत्येकाकडं पवित्र शास्त्र आहे, पण भाषांतरं वेगवेगळी. खर्च वर्गणीतून, त्यामुळं हात राखूनच. टीकाग्रंथ (वचनांचा अर्थ उलगडून सांगणारं पुस्तक) आधी घ्यावा की शब्दसूची (कोणता शब्द कुठल्या वचनात आहे ते दाखवणारी)? एक कुटुंब कॅथलिक आहे, त्यांना कोणती प्रत सांगावी?

पंचगंगाकाठ
टीकाग्रंथ सगळ्यात शेवटी. तो पहिल्या दिवशी टेबलावर आला की कुणी वचन वाचत नाही, टीकाकार काय म्हणतो तेवढंच वाचून दाखवतात.

आधी वाचनाचं भाषांतर एकच ठरवा. बायबल सोसायटीची आर. व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्जन) आवृत्ती मंडळ्यांच्या कानावर बसलेली आहे, तीच मुख्य ठेवा. सोसायटीचीच सोप्या मराठीतली आवृत्ती तुलनेला घ्या, दोन प्रती पुरे. पंडिता रमाबाईंचं भाषांतर मिळालं तर जरूर ठेवा. हिब्रू-ग्रीकवरून केलेलं ते काम त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये पूर्ण छापून निघालं. मूळ रचनेला इतकं धरून आहे की मोठ्यानं वाचायला अडखळतं, पण तपासायला उपयोगी. विकत नको असेल तर यूव्हर्जन अ‍ॅपवर मराठी भाषांतरं फुकट आहेत, दोन वेगवेगळ्या फोनवर उघडा.

शब्दसूची घेताना ती कोणत्या भाषांतरावरून केली आहे ते प्रस्तावनेत बघूनच पैसे द्या. एका भाषांतराची सूची दुसऱ्याला लावली की निम्मे शब्द सापडतच नाहीत, आणि माणूस समजतो सूचीच खराब. अ‍ॅपमधला शोध तुमच्या गटाला पुरेल. स्ट्राँगची जाडजूड इंग्रजी सूची (1890) किंग जेम्स भाषांतरावर बेतलेली आहे, त्यात आत्ता पडू नका.

कागदपेन्सिल
वरच्या सगळ्याला हो. पण माझ्या मते पहिले चार बुधवार पुस्तकच नको, छापील कागद द्या. मजकूर ए-फोरवर, 14 चा टाइप, ओळींत दुप्पट अंतर, उजवीकडं 5 सेंटिमीटर मोकळी जागा. मथळे आणि वचनांचे आकडे काढून टाका. मथळे संपादकांनी घातलेत, अध्याय तेराव्या शतकातले, नव्या कराराचे वचनांक 1551 चे. अध्याय कुठं चुकीच्या जागी तुटतो ते मार्क 9:1 (अध्याय 9, वचन 1) मध्ये दिसेल. ते वाक्य 8:34 पासून चाललेल्या बोलण्याचा शेवट आहे, पण आकडा बघून सगळे तिथून नवा विषय धरतात.

आर. व्ही. चा मजकूर हक्कराखीव आहे, झेरॉक्स काढून वाटू नका. इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जनची मराठी आवृत्ती (ही आर. व्ही. पेक्षा वेगळी) क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहे, श्रेय लिहून छापता येते. मजकूर वेबसाइटवरून युनिकोडमध्येच उचला. जुन्या फाँटच्या पीडीएफमधून कॉपी केलात तर जोडाक्षरांची वाट लागते आणि डीटीपीवाला पुन्हा टाइप करण्याचे पैसे लावतो.

खुणा पेन्सिलीनं: स्थळाला चौकोन, वेळेला गोल, पुन्हा येणाऱ्या शब्दाखाली रेघ. पवित्र शास्त्राच्या पातळ कागदावर जेलपेन तर अजिबात नको, शाई पाठीमागं उतरते.

संदर्भवाला
वर्गणीतून एकच पुस्तक येणार असेल तर नकाशे असलेला बायबल शब्दकोश आणा. मार्क 1:32 मध्ये लोक आजाऱ्यांना सूर्य मावळल्यावरच का आणतात? 1:21 मध्ये शब्बाथ, म्हणजे यहूद्यांचा काम न करण्याचा विश्रांतीचा दिवस आहे आणि यहूद्यांचा दिवस सूर्यास्ताला संपतो. हे कोशात मिळतं, टीकाग्रंथाची गरज पडत नाही. 6:37 मधले 200 दीनार म्हणजे किती? मत्तय 20:2 मध्ये मजुराची दिवसाची मजुरी एक दीनार आहे, आता हिशेब करा.

पाच हजारांना जेवू घालण्याचा प्रसंग चारही शुभवर्तमानांत आहे (मत्तय 14, मार्क 6, लूक 9, योहान 6). मार्क गवत हिरवं होतं म्हणतो, योहान वल्हांडण (यहूद्यांचा वसंतातला सण) जवळ होता म्हणतो. गालीलात वसंतातच गवत हिरवं असतं, म्हणजे दोघं एकमेकांना जुळतात. भाकरी जवाच्या होत्या हे फक्त योहान सांगतो. चार रकान्यांचा तक्ता करून भरायला लावा, दीड तास कसा गेला कळणार नाही.

अजून एक. मार्क 16:9-20 वर भांडण होणार हे धरून चला. सायनायटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत मार्क 16:8 लाच संपतो, म्हणून बऱ्याच आवृत्त्यांत तो भाग कंसात किंवा तळटीपेसह असतो. तळटीप आधीच वाचून ठेवा. आयत्या वेळी ‘कुणीतरी वचनं गाळली’ असं सुरू झालं की आवरत नाही.

शाहूपुरी_वाचक
तक्त्याची कल्पना आवडली. कॅथलिक कुटुंबाचं राहिलंच की.

पंचगंगाकाठ
मार्कपुरता काही फरक पडत नाही, नवा करार दोघांचा 27 पुस्तकांचाच. फरक जुन्या करारात: आपल्या प्रोटेस्टंटांकडं 39, त्यांच्याकडं 46 पुस्तकं, शिवाय एस्तेर आणि दानीएल यांत जादा भाग. त्यांना फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ सांगा, मराठी मोकळी आहे, गटातल्या इतरांनीही चाळावं. पुढं स्तोत्रसंहिता घ्याल तेव्हा जपा. जुन्या कॅथलिक पुस्तकांत बऱ्याच स्तोत्रांचा क्रमांक एकानं मागं असतो, आपलं 23 वं तिथं 22 वं. क्रमांकासोबत पहिली ओळही सांगत चला.

टीकाग्रंथ घ्यायचाच झाला तर निवडीची सोपी चाचणी: दुकानात मार्क 9:1 वरचं पान उघडा. अर्थावर मतभेद आहेत हे लेखक मान्य करतो का, की एकच अर्थ ठोकून पुढं जातो? दुसऱ्या प्रकारचा असेल तर परत ठेवा.